जाळीखालचं पाणी

“पोर उद्या चालली ना रे तुझी? हे पाणी आठवेल तिला,” खदिजाआपा सहज म्हणाल्या, आणि शिडीवर उभ्या असलेल्या जयप्रकाशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घसरला. त्यानं खाली पाहिलं. “कुठलं पाणी?” आपा फरशीवर उभ्या होत्या, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर आणि दुसऱ्या हातात त्याच्यासाठी आणलेला चहाचा ग्लास. “कुठलं म्हणजे? आमच्या हौदाचं. दर गुरुवारी उमैमाबरोबर पोहत असते ना!” स्विमिंग पूलला त्या हौदच म्हणत. म्हसळ्याहून लग्न होऊन बहरीनला आल्या त्याला किती वर्षं झाली कोण जाणे, पण हौद तो हौदच राहिला होता. “पहिली पहिली घाबरायची. आता बघशील तर मासळी झालीय नुसती. आमची उमैमा मागं पडते. तू तर...” आणि मग त्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं आणि त्यांनी बोलणं होतं तिथंच सोडलं. ग्लास कठड्यावर ठेवत म्हणाल्या, “घे, निवेल.” जूनच्या दुपारी बहरीनमधल्या सनद गावात उघड्यावर ठेवलेला चहा निवत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आपा आत गेल्या तरी तो शिडीवरच राहिला. उमैमा म्हणजे आपांची नात, त्याच्या दीप्तीच्याच वर्गातली. दर गुरुवारी दीप्ती इथे अभ्यासाला येते एवढं त्याला माहीत होतं. कित्येकदा त्यानंच तिला कंपनीच्या पिकअपमधून फाटकाशी सोडलं होतं, दप्तर जड आहे म्हणून स्वतः उचलून तिच्या खांद्याला लावलं होतं, आणि पोरगी केवढा अभ्यास करते म्हणून मनातल्या मनात खूश होत कामावर गेला होता. त्या दप्तरात टॉवेल असणार. इतक्या वर्षांनी, शिडीच्या वरच्या पायरीवर, त्याला हे सुचत होतं. काहीतरी धरावं म्हणून त्यानं समोरच्या जाळीवर तळवा टेकला आणि हात सरळ आरपार गेला. आवाजसुद्धा झाला नाही. मनगटाभोवती काळा भुगा तेवढा राहिला आणि जाळीला हाताएवढं भोक, ज्यातून पलीकडचं बदामाचं झाड एकदम लख्ख दिसायला लागलं.

जाळी अशीच मरते, हे त्याला नवीन नव्हतं. पूलावर उभं असलेलं हे ॲल्युमिनियमच्या चौकटींचं घर, ज्याच्या भिंतीही जाळीच्या आणि छप्परही जाळीचं, त्यानं स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं, आपांचे नवरे इलियासशेठ हयात होते तेव्हा आणि तो स्वतः महाडहून नुकताच आलेला फिटर होता तेव्हा. धूळ येऊ नये, माश्या येऊ नयेत, खजुराच्या झावळ्या पाण्यात पडू नयेत म्हणून. आणि मुख्य म्हणजे घरातल्या बायकांना मोकळेपणी पाण्यात उतरता यावं म्हणून. रस्त्याच्या बाजूला त्यानं मुद्दाम दाट विणीची काळी जाळी लावली होती, आतून बाहेरचं दिसेल पण बाहेरून आतलं नाही अशी. तेव्हापासून तो ते घर राखत आला होता. इथल्या हवेशी भांडण लावून घेण्यात अर्थ नसतो, ती ऐकत नाही. दिवसभर ऊन जाळी भाजून काढतं, रात्री समुद्राकडून खारट ओल येऊन बसते, उन्हाळी वारा सुटला की बारीक वाळू येऊन विणीत अडकते आणि कानशीसारखी घासत राहते. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला लागतात तिथं पांढरी भुकटी जमते, मग एक दिवस स्क्रू नुसता बोटानं निघतो. ठिगळं लावून लावून त्यानं ते इथवर आणलं होतं. आता मात्र सगळं बदलायचं ठरलं होतं. जाड लेपाची नवी जाळी, न गंजणारे स्क्रू, स्क्रू आणि चौकट एकमेकांना शिवू नयेत म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या, आणि उन्हात धातू फुगतो म्हणून सांध्यांना थोडी मोकळी जागा. हे त्यानंच शेठच्या मुलाला पटवलं होतं. आणि सकाळी आल्या आल्या पंप लावून पूल रिकामा करायलाही त्यानंच घेतला होता.

ही त्याची पद्धत. दुसऱ्या कंपन्यांची माणसं भरल्या पाण्यावर फळ्या टाकतात आणि त्यावर उभं राहून छपराची जाळी काढतात. जयप्रकाशला ते चालत नसे. जुन्या जाळीचा भुगा पाण्यात पडतो, फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आधी पाणी काढायचं, मग तळाशी परांची उभी करायची. काम कसं स्वच्छ व्हायला हवं. बागेच्या कडेला जाड नळीतून पाणी भसाभस पडत होतं आणि वाळू ते पीत होती. सकाळी त्या आवाजाचं त्याला काही वाटलं नव्हतं. आता त्यानं शिडीवरून वाकून पाणी कुठवर उतरलं ते पाहिलं.

त्याला आठवली ती आठेक वर्षांची दीप्ती. इंदूला, त्याच्या बायकोला, ताप होता म्हणून तो पोरीला बरोबर घेऊन इथे आला होता. शुक्रवार होता, दाराचं बिजागर बसवायचं होतं. दीप्ती पूलाच्या काठावर उकिडवी बसून पाण्यात बोट घालत होती. इलियासशेठ समोर खुर्चीत पेपर वाचत होते. ते म्हणाले, “उतरू दे की पोरीला, उमैमा आहेच पाण्यात.” आपा आतून उमैमाचे जादा कपडे घेऊन आल्यासुद्धा. दीप्तीनं सँडल काढले होते. एक पाय पाण्यात होता. जयप्रकाश म्हणाला, “नको. सर्दी होते तिला.” बहरीनमध्ये, भर उन्हाळ्यात! शेठ हसले आणि पुन्हा पेपरात शिरले. दीप्तीनं काही न बोलता पाय बाहेर काढला, फरशीवर पुसला, सँडल घातले आणि काम होईपर्यंत बदामाखाली बसून राहिली. तिचा तो ओला पाय फरशीवर उमटला होता आणि बघता बघता वाळून गेला होता.

परत जाताना तिनं विचारलं, तेव्हा त्यानं तिला तळ्याची गोष्ट सांगितली. त्याचा बाप दत्तू त्याला दर वर्षी मार्चात तळ्यावर न्यायचा, पायऱ्यांवर बसवायचा आणि सांगायचा की सत्तावीस साली तुझा आजा या पायऱ्या उतरून गेला आणि ओंजळ भरून प्याला. त्याच्या आधी त्या पाण्यावर जनावरं चालत, आपण नाही. दत्तू शिकलेला नव्हता, पण हे सांगताना तो ताठ बसायचा. “मेहरबानीनं कुणी दिलं तर हात पुढं करायचा नाही,” तो म्हणायचा, “ओंजळ भरायची ती हक्कानं.” दत्तूच्या तोंडून ते ऐकताना जयप्रकाशच्या अंगावर काटा यायचा. तोच काटा पोरीच्या अंगावर यावा म्हणून त्यानं तिला सगळं तसंच्या तसं सांगितलं, शेवटी तिच्या मांडीवर हात ठेवून. दीप्तीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बट दे सेड येस, बाबा.” ते तर हो म्हणाले होते.

“म्हणूनच नको,” तो म्हणाला होता.

तेव्हा त्याला ते उत्तर फार भारी वाटलं होतं. घरी जाऊन त्यानं ते तापात पडलेल्या इंदूलाही ऐकवलं होतं. आता शिडीवर उभं राहून त्यानं ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. जाळीसारखंच. दिसायला चौकटीत ताणलेलं, हात लावला की भुगा. इलियासशेठ मेहरबानी करत होते का? त्या माणसानं त्याला कधी खुर्ची नाही दिली असं झालं नाही, कधी वेगळा ग्लास नाही. ईदला डबा आला, आंबेडकर जयंतीला मनामाच्या हॉलमध्ये शेठ स्वतः येऊन बसले. त्यानं एका लहान पोरीला पाण्यात खेळ म्हटलं होतं, बस. सनदमधला एक पूल, त्यात दोन पोरी. तिथं जयप्रकाशनं अख्खं तळं आणून उभं केलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याच्या पोटात नुसतं तत्त्व नव्हतं. भीती होती. उद्या कुणी म्हणेल, मेंटेनन्सवाल्याची पोर आमच्या पूलात पोहते. कुणीच म्हणालं नसतं. पण त्या न म्हटलेल्या वाक्याला भिऊन त्यानं पोरीला बदामाखाली बसवलं होतं, आणि वर त्याला आज्याचं नाव दिलं होतं.

तो खाली उतरला. बुटांना भुगा होता म्हणून ते काढून स्वयंपाकघराच्या बोळात गेला. तिथल्या फोनवरून घरी बोलायची त्याला केव्हाचीच मुभा होती. इंदूनं फोन उचलला. मागून टेप फाडल्याचा चर्र आवाज येत होता, दीप्तीचे खोके बांधणं चाललं होतं. उद्या संध्याकाळचं विमान, मग पुण्याला हॉस्टेल, इंजिनिअरिंग, चार वर्षं.

“दीप्ती इथं पोहते?” त्यानं विचारलं.

टेपचा आवाज चालूच होता. इंदू हळू आवाजात म्हणाली, “कोण म्हणालं?”

“तुला ठाऊक होतं.”

“मीच तिला पहिल्यांदा पाठवलं. सातवीत असताना.”

“मला सांगायचं.”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“एकदा विचारायचं तरी.”

“म्हणूनच नाही विचारलं,” इंदू म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “आता उगाच जाताना तिला बोलू नका काही. चार वर्षं तेच घेऊन बसेल पोर.”

“बोलत नाही गं. मला फक्त बघायचं होतं. एकदा. ती पोहताना.”

इंदू म्हणाली, “मग बघा की. घेऊन येते तिला.”

“पाणी सोडलंय मी. पंप चालू आहे सकाळपासून.”

“मग बंद करा.”

“आपांना विचारावं लागेल. त्यांचा पूल. काम चालू आहे, असं मधेच थांबवून माझ्या पोरीला...”

“मग विचारा,” इंदू म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

विचारणं. एवढंच तर होतं. बोळाच्या टोकाला आपांची खोली होती, दार अर्धं उघडं होतं, कूलरचा आवाज येत होता. दहा पावलं. जयप्रकाश बूट घालून पुन्हा शिडीवर चढला. आपा पडल्या असतील, झोपमोड नको. पुढच्या चौकटीची जाळी उतरवू, तेवढ्यात त्या उठतील. जाळी चौकटीत घट्ट धरून ठेवणारी रबरी दोरी खाचेतून ओढून काढायला त्यानं सुरुवात केली. उन्हानं ती इतकी कडक झाली होती की वीत-दोन वीत आली की तुटत होती, मग पुन्हा टोक शोधायचं, पुन्हा ओढायचं. नेहमी हे काम त्याला आवडायचं. त्यात डोकं शांत व्हायचं. आज प्रत्येक तुकड्यागणिक तो खाली पूलाकडे बघत होता. निळ्या फरशीवर ओली रेघ उमटली होती, आणि पाणी त्या रेघेच्या खाली जात होतं.

मग त्याला आठवला तो वास. घरात क्लोरीनचा वास असायचा. गुरुवारी रात्री जेवताना तर हमखास. तो अंग घासून घासून अंघोळ करायचा, कामाचे कपडे गॅलरीत टाकायचा, तरी वास जायचा नाही. तो इंदूला म्हणायचा, “सोळा वर्षांत मुरलाय बघ हा माझ्या कातडीत.” इंदू मान खाली घालून भात वाढायची. दीप्ती समोर बसलेली असायची, केस घट्ट बांधून. तिच्या केसांचा वास होता तो. आपल्या पोरीच्या केसांचा वास तो इतकी वर्षं स्वतःचा समजत होता. हे लक्षात आलं तेव्हा त्याला रडू यावं असं वाटलं आणि ते आलं नाही. शिडीवर, हातात तुटकी दोरी घेऊन, तो नुसता उन्हाकडे तोंड करून उभा राहिला. पोर पाण्यातून घरी यायची, ताटावर बसायची, आणि आज मी किती पोहले हे बापाला सांगता येत नाही म्हणून आमटीभात खायची. पहिल्यांदा पाय तळाला न लागता ती पलीकडे पोचली असेल तो एखादा गुरुवार असणारच. त्या दिवशी तो काय बोलला असेल? कंपनीतल्या गुंडूच्या रजेबद्दल, नाहीतर कुठल्यातरी पंपाबद्दल. तिच्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार. त्यानं पाहिलं नव्हतं.

आणि तो स्वतः? त्याला पोहता येत नव्हतं. गावात त्यांच्या वाडीची पोरं नदीवर खालच्या अंगाला जात, घोटाभर पाण्यात. नोकरी मात्र पाण्याची लागली. कुठल्या पाण्यात किती क्लोरीन, कुठला फिल्टर कधी उलटा धुवायचा, सगळं तोंडपाठ, पण गुडघ्याच्या वर कधी भिजला नाही. कंपनीतली मल्याळी पोरं मालक घरी नसले की सरळ उडी मारायची. “जयप्रकाशभाई, आ जाओ, मालिक मफी!” म्हणजे मालक नाही. तो हसून नको म्हणायचा. त्यांना वाटायचं तो भितो. त्याला वाटायचं तो दत्तूचा मुलगा आहे. दत्तूनं पाण्यात उतरायला शिकवलं होतं आणि हा आयुष्यभर काठावर उभं राहून त्याचा मान राखत होता. बाप जिवंत असता तर त्यानं नातीला त्या दिवशी काय सांगितलं असतं? जयप्रकाशला एकदम खात्री वाटली की दत्तू धोतर खोचून म्हणाला असता, जा गं, मार उडी. ही खात्री वाटायला फार उशीर झाला होता.

आपांच्या खोलीत हालचाल ऐकू आली. तो उतरला, बूट काढले, बोळात गेला. आपा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूसाठी निघाल्या होत्या. “काय रे?” त्यांनी विचारलं. त्याच्या तोंडाशी सगळं वाक्य तयार होतं. तो म्हणाला, “जाळी काळीच घ्यायची ना? करडीपण मिळते.” आपांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “काळीच बरी,” त्या म्हणाल्या, “सवयीची आहे.” तो मान डोलावून परत आला. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं त्याला वाटलं. शिडीपाशी गुंडू उभा होता. हा गुंडू निपाणीकडचा, कंपनीत त्याच्याबरोबरच म्हातारा होत चाललेला. “मिस्त्री, जाळीचे रोल आणायला जाऊ काय गोदामाकडं? पाणी निम्म्याच्या खाली आलंय, उद्या सकाळी परांची लागते बघा.” “जा,” जयप्रकाश म्हणाला. गुंडू गाडी घेऊन गेला. उथळ बाजूचा तळ आता कोरडा पडला होता. जाळीचा काळा भुगा निळ्या फरशीवर पसरला होता. एक बदामाचं पान चिकटून राहिलं होतं.

मशिदीतून असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. ती संपेपर्यंत तो उभा राहिला, मग आपांची नमाज होईल एवढा वेळ उभा राहिला, मग आणखी थोडा. नळीतून पाणी पडतच होतं. शेवटी तो इतक्या घाईनं बोळात शिरला की बूट काढायचंही विसरला. आपा स्वयंपाकघरात भेंडी निवडत बसल्या होत्या.

“आपा, एक मागायचं होतं,” तो म्हणाला. मागायचं हाच शब्द तोंडातून निघाला. निघाल्यावर तो त्याच्या कानांना फार विचित्र लागला, पण आता थांबून चालणार नव्हतं. “आज पंप बंद केला तर चालेल का? जेवढं पाणी राहिलंय तेवढं राहू दे. दीप्तीला बोलावतो. मी तिला कधी... मी पाहिलेलं नाही तिला पोहताना. उद्या जाईल ती.”

आपांनी हातातली भेंडी खाली ठेवली. “दुपारपासून हेच घेऊन फिरतोयस होय रे? पंप तुझा, बटण तुझं, आणि विचारतोस मला?” मग त्यांचा आवाज उतरला. “तुझ्या पोरीनं कधी विचारलं नाही बघ. एक दिवस उमैमा उतरली, मागनं ही उतरली. मी खिडकीतनं बघितलं, दोघी खिदळत होत्या. विचारायचं काय असतं त्यात?”

त्यानं जाऊन बटण दाबलं. पंप दोनदा कण्हल्यासारखा आवाज करून थांबला आणि जाळीच्या त्या अर्ध्या उघड्या घरात एकदम शांत झालं. पाणी हलायचं थांबलं. फक्त खोल बाजूला, छातीला लागेल एवढं राहिलं होतं. पुन्हा भरायचं म्हटलं तर उद्याची रात्रही पुरली नसती. त्यानं दुपारी विचारलं असतं तर कमरेचं तरी सगळीकडे असतं. सकाळी ठाऊक असतं तर काठोकाठ. पण याला तर शेवट नव्हता. असं मागं मागं जात गेलं की तो पुन्हा त्या शुक्रवारी, त्या ओल्या पायापाशीच जाऊन पोचत होता.

इंदू आणि दीप्ती टॅक्सीनं आल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. दीप्तीनं लांब टी-शर्ट आणि काळी विजार घातली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. जयप्रकाशही पालथ्या बादलीवर बसून स्वतःच्या नखांतला भुगा बघत होता. कुणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं. “पाणी कमी आहे,” तो म्हणाला, “माझ्यामुळंच.”

“इट्स ओके, बाबा,” दीप्ती म्हणाली. मग जरा थांबून, “आर यू अँग्री?”

“नाही गं. राग कसला?” त्याला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. शेठबद्दल, दत्तूबद्दल, स्वतःबद्दल. “पोह तू,” तो म्हणाला. “मी बसतो इथं.”

इंदू आपांकडे आत गेली, मुद्दामच. दीप्ती पूलाच्या खोल बाजूच्या शिडीनं उतरली, कमरेइतकी, छातीइतकी. क्षणभर तशीच उभी राहिली, बापाकडे पाठ करून. मग तिनं पाय मागं सोडले आणि ती पाण्यावर आली.

जयप्रकाशनं आयुष्यात कितीतरी माणसं पोहताना पाहिली होती, तो त्याच्या कामाचाच भाग होता. पण हे त्यानं पाहिलं नव्हतं. पोरीचे खांदे रुंद होते, हे त्याला माहीत नव्हतं. उजवा हात पुढं टाकताना ती डावीकडे तोंड वळवून श्वास घेत होती आणि त्या तोंडावर एक असा निवांतपणा होता जो घरात, ताटावर, अभ्यासाच्या टेबलावर त्यानं कधी बघितला नव्हता. जागा इतकी थोडी होती की चार हात मारले की भिंत यायची. ती पाण्यातच गुंडाळी करून उलटायची, भिंतीला पाय मारून पुन्हा निघायची. बदामाकडच्या भिंतीच्या चौकटी मोकळ्या होत्या. त्यांची सावली पाण्यावर पडली होती, आणि ती त्या चौकोनांमधून आरपार जात येत होती. जयप्रकाशला फार आनंद झाला. इतका की त्याला बसवेना. तो उठून काठाशी गेला. त्याच आनंदात त्याला कळत होतं की हे दर गुरुवारी इथंच चाललं होतं, त्यानं लावलेल्या जाळीच्या आड, आणि उद्यापासून ते कुठंच नसणार. ती मधेच थांबली, डोळ्यांवरचं पाणी पुसून त्याच्याकडे बघून हसली. पहिल्यांदाच. “सी?” ती म्हणाली. “बघतोय,” तो म्हणाला, “अजून पोह.” तिनं पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

बाहेरच्या गल्लीत गाडीचा आवाज आला. गुंडू कंपनीची तीच पिकअप घेऊन परत येत होता, वळणावर गिअर बदलताना ती नेहमी करते तशी घरघर करत. जयप्रकाशनं तिकडं लक्षही दिलं नाही, तो पाण्याकडे बघत होता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत दीप्ती अर्ध्या हातातच थांबली, दोन झेपांत शिडीला पोचली, आवाज न करता वर आली, खांबावरचा टॉवेल न बघता ओढून घेतला आणि काठाकाठानं, वाकून, फिल्टरच्या खोलीमागं गेली. तिनं दारसुद्धा लावून घेतलं, कडी न वाजवता. हे सगळं इतक्या सफाईनं झालं की पाण्यावर फारशी लाटही उठली नाही.

गाडी फाटकाशी थांबली. गुंडूनं दार आपटलं.

थोड्या वेळानं फिल्टरच्या खोलीचं दार फटीएवढं उघडलं. दीप्तीनं बाहेर पाहिलं. काठावर बाप उभा होता. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग तिच्या लक्षात आलं, आणि ती हसायला गेली पण तिला नीट हसता आलं नाही.

“सॉरी, बाबा,” ती म्हणाली. “आय थॉट इट वॉज यू.”

“मी इथंच आहे गं,” जयप्रकाश म्हणाला.

“आय नो,” ती म्हणाली, पण दाराआडून बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.